सांडशीनं उचललेला माउथपीस

सूड उगवायचा तर आधी पोट जागेवर लागतं, हे गालफुग्याला फार उशिरा कळलं.

गालफुग्या म्हणजे लग्नाच्या मिरवणुकांत वाजणाऱ्या एका बँडचा पहिला ट्रम्पेट. त्याला चारचौघांसारखं नावही होतं, पण ते वापरायची फक्त त्याची थोरली बहीण, तेही रागावली तर. फुंकताना त्याचे गाल असे टम्म फुगत, की समोरची लहान मुलं स्वतःचे गाल चाचपून बघत. बँडची एक जुनी रीत होती. शेवटच्या गाण्यातला लांब सूर सगळ्यांनी एकदम धरायचा. ज्याचा दम सगळ्यांत शेवटी तुटेल, त्यानं पुढच्या ओळीत मधोमध उभं राहायचं. ती जागा कित्येक वर्षं गालफुग्याची. त्याच्या उजव्या हाताला दुसरा ट्रम्पेट असे, आणि त्या माणसाला सगळे 'दुसरा'च म्हणत. लोक आपल्याला 'दुसऱ्याची बायको' म्हणतात म्हणून त्याच्या बायकोनं बँडवर कायमचा डूख धरला होता.

मग गालफुग्याचा खोकला हटेना. सदरा खांद्यावर लोंबायला लागला. थुंकी तपासली, क्षय निघाला.

सरावाची खोली गादीवाल्याच्या दुकानावर होती. तिथे हे कळलं तेव्हा दुसऱ्यानं चहाच्या स्टोव्हजवळची सांडशी घेतली, गालफुग्याचा माउथपीस मेलेल्या उंदरासारखा तिच्यात धरला आणि खिडकीतून थेट खालच्या गटारात सोडला.

"तुझ्यातून आता सूर कमी आणि जंतू जास्त निघणार," तो म्हणाला. "घरी बस, बाबा."

सगळे हसले. बँडचे मास्तरसुद्धा मिशीतल्या मिशीत हसले. गालफुग्या खाली उतरला, बाही वर सारून गटारात हात घातला, माउथपीस काढला, घरी नेऊन उकळला आणि गोळ्यांच्या पाकिटाशेजारी फळीवर मांडला. काहींना जगायला नातवंडं लागतात. याला एक वैरी पुरला.

रोज गोळ्या गिळताना तो माउथपीसकडे बघे आणि पुटपुटे, "थांब, दुसऱ्या." पण गोळ्यांनी दुसऱ्याच्या आधी गालफुग्यालाच धरलं. पोट बिघडलं. खाल्लेलं टिकेना, घरातल्या घरात धावपळ सुरू झाली. ज्या माणसाचा दम गावभर ऐकू जायचा, तो मोरीपर्यंत जाताना भिंत धरायला लागला.

"या गोळ्या खाऊन मरण्यापेक्षा न खाता मरतो," तो एकदा म्हणाला.

"मर की," ताई भाकरीचं पीठ मळावं तशा शांतपणे कपडे चोळत म्हणाली. "दुसरा येईल तुझ्या तिरडीपुढे वाजवायला. मधोमध उभा राहून."

गालफुग्यानं गोळ्या घेतल्या.

शेवटी ताईनं त्याला दवाखान्यात ओढून नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी रक्त तपासलं, यकृत ठीक असल्याची खात्री केली, आणि पांढऱ्या भुकटीच्या पुड्या दिल्या.

"हे प्रोबायोटिक. यात जिवंत जंतू आहेत."

"आणखी?" गालफुग्या घाबरला.

"चांगले. क्षयाच्या जंतूंना गोळ्याच मारणार, ते काम या पुडीचं नाही. पण त्या मारामारीत पोटातले भले जंतूही मरतात. हे त्यांच्या जागी. पोटानं धीर धरला तर गोळ्या सुटणार नाहीत. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण करून बघू. गोळी आणि पुडी यांत थोडं अंतर ठेवा, आणि गोळी चुकवू नका."

गालफुग्याला ही कल्पना फारच आवडली. आपल्या बाजूनं लढायला कुणीतरी जिवंत येतंय, हे त्याला बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा ऐकायला मिळत होतं. पण पुड्या संपत आल्या तरी पोट काही ताळ्यावर येईना. "फितूर निघाले," तो चिडून म्हणाला.

एका सकाळी ताईनं त्याला पुडी घेताना पाहिलं. पेल्यातून वाफा निघत होत्या. फुंकणाऱ्यानं घशाखाली थंड उतरवायचं नाही, हा बँडवाल्यांचा धर्म. साधं पाणीसुद्धा ते कढत पितात.

"उकळत्या दुधात कुणी विरजण लावतं का रे?"

"नाही."

"का?"

"दही लागत नाही."

"मग हे जिवंत जंतू त्या पाण्यात कशाला सोडलेस? आंघोळीला?"

गालफुग्या पेल्यात बघत राहिला. "म्हणजे इतके दिवस आपलीच फौज मी..."

"तुला वैरी लागतोच कशाला? तू एकटा पुरेसा आहेस."

त्या दिवसापासून पुडी साध्या पाण्यात पडायला लागली. पोट हळूहळू माणसात आलं, गोळ्या आत राहिल्या, अन्न अंगी लागलं. उपचार पुरे झाले. थुंकी स्वच्छ आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्यापासून कुणाला धोका नाही. हळूहळू फुंका." त्यातलं 'हळूहळू' गालफुग्यानं दवाखान्यातच ठेवलं.

तो माउथपीस खिशात घालून गादीवाल्याचा जिना चढला. दुसरा मधोमध उभा होता. त्यानं लगेच नाकाला रुमाल बांधला.

"मास्तर, याच्या शेजारी मी श्वास घेणार नाही."

"डॉक्टरांनी सोडलंय त्याला," मास्तर म्हणाले.

"नको घेऊस," गालफुग्या म्हणाला. "फक्त रीतीप्रमाणे लांब सूर होऊ दे. मला माझी जागा परत हवी."

आता रुमाल बांधून ट्रम्पेट वाजत नाही. दुसऱ्यानं रुमाल सोडला. गालफुग्या त्याला अगदी खेटून उभा राहिला आणि त्याच्या तोंडावर एक लांब, सावकाश उसासा सोडला. मास्तरांनी हात वर केला. दुसऱ्याला छातीचा भाता तळापासून भरून घ्यावा लागला.

सूर सुरू झाला. गालफुग्याचे गाल फुगले, पण आजारानं ओरबाडलेलं फुप्फुस ते. त्याचा दम आधी तुटला. दुसरा मात्र जिद्दीनं निळा होईपर्यंत ओढत राहिला आणि मग तोंड वासून धापा टाकायला लागला.

"जिंकलास, बाबा," गालफुग्या म्हणाला. "जागा तुझी. हवाही तुझीच. माझी एकदा वापरून झालेली."

दुसऱ्याचं तोंड मिटलं, पण उशीर झाला होता. या वेळीही सगळे हसले.

त्या रात्रीपासून दुसऱ्याचं पोट बिघडलं. दवाखान्यात तपासलं तर क्षय नाही, काही नाही, निव्वळ धास्ती. पोटासाठी त्याच पांढऱ्या पुड्या मिळाल्या. डॉक्टरीणबाईंनी घ्यायची रीतही सांगितली, पण धास्तावलेल्या कानांत काही शिरलं नाही. तो सरावाला आला तेव्हा गालफुग्या त्याच्या उजव्या हाताला बसून माउथपीस पुसत होता.

"तू या पुड्या घ्यायचास ना रे? कशात?" दुसऱ्यानं विचारलं.

"पाण्यात," गालफुग्या मायेनं म्हणाला. "पण चांगली उकळी फुटू दे. आपण फुंकणारी माणसं. थंड सोसत नाही आपल्याला."

"गुण येतो?"

"माझ्याकडे बघ की."

आणि उठून त्यानं स्टोव्हवरचं खळखळतं पातेलं आपल्या हातानं, त्याच सांडशीनं, दुसऱ्यासाठी उतरवलं.