झाकलेला ग्लास

त्या सकाळी खालच्या शेतात भाताच्या रोपांसाठी राब भाजायला घेतला होता. कवळाच्या फांद्यांचा, शेणाचा, वाळल्या गवताचा धूर वर चढत आमच्या उमरठच्या घरात शिरला आणि मला आपलं वाटलं, वसंतभावजींनी पडवीत बाटली उघडली. हाक मारणार तोच आठवलं, ते तर चार दिवस महाडच्या दवाखान्यात आहेत. तेवढ्यात फोन वाजला. त्यांचा मुलगा महेश होता. "काकी, आप्पा गेले," म्हणाला. धूर काही घरातून जाईना.

वसंतभावजी माझे धाकटे दीर. मी खाडीकाठच्या दासगावहून लग्न होऊन आले तेव्हा ते चौथीत होते. पुढं मुंबईला एका मोठ्या हॉटेलात कपबशा विसळायला लागले आणि तीस वर्षांनी तिथल्या बारचे मुख्य होऊन गावी परतले. त्यांचा जीव सिंगल माल्ट स्कॉचवर. मला वाटायचं, दारू ती दारू, तिच्यात काय बघायचं? तर ते समजावत बसायचे, की ही एकाच भट्टीतली, नुसत्या मोड आलेल्या सातूची. कुठं तो सातू दलदलीतली माती जाळून तिच्या धुरावर सुकवतात, मग लाकडी पिंपात वर्षानुवर्षं झोपवून ठेवतात. "झोपवून" म्हणायचे, बाळाला म्हणावं तसं. स्वतः दोन घोटांच्या पुढं कधी गेले नाहीत. गावात त्याचं फार हसू व्हायचं.

हॉटेलातली जुनी गिऱ्हाइकं, त्यांची मुलं फोन करायची... काका, कुठली घेऊ? भावजी आधी बाटलीचं बोलायचेच नाहीत. ज्याला द्यायची तो माणूस कसा, पाऊस आला की खिडकी लावतो की उघडतो, चहात साखर किती, हेच विचारायचे. मग एकच नाव सांगायचे. पुण्याचा एक दुकानदार चिमुकल्या बाटल्या पाठवायचा, वर नाव नाही, नुसता आकडा. आधी भावजींचं मत, मग नाव, अशी त्यांची रीत. कळीसारख्या निमुळत्या ग्लासात बोटभर ओतायची, वास आत कोंडावा म्हणून वर माझ्या दुधाच्या भांड्याचं झाकण ठेवायचं आणि भाताला उकळी येईपर्यंत थांबायचं, मग हुंगायचं. झाकणावरून आमचं रोजचं भांडण.

मग तो मोठा ताप आला, सगळ्या जगाला आला तोच. भावजी बरे झाले. पण एकदा दूध करपून घरभर वास सुटला आणि ते तिथंच पेपर वाचत बसले, तेव्हा माझ्या लक्षात आलं. पुढं बघितलं, तर झाकण काढायचे, नाक आत घालायचे आणि नुसतेच बसायचे. एका दुपारी तीन बाटल्या आलेल्या, दुकानदाराचा फोन दोनदा वाजून गेलेला... भावजींनी ग्लास माझ्यापुढं सरकवला.

"वयनी, मला वास येत नाय. दोन महिनं झालं. कुणाला बोलू नको."

सगळा जन्म ज्याच्यावर उभा केला तेच गेलं होतं हो. मी ग्लासावर वाकले.

"सांग वयनी."

"ह्यो तर राब हाय."

भावजी इतके हसले की डोळे पुसावे लागले. दुसऱ्या ग्लासात ओहोटीचा चिखल, वाळती जाळी, होडीचं डांबर. म्हटलं, हे माझं माहेर. तिसऱ्यात गुळाचं रिकामं पोतं. ते ऐकायचे, जिभेवर थेंब ठेवून डोळे मिटायचे आणि कुठल्या बेटावरची, कसल्या पिंपातली ते बरोबर सांगायचे.

अशी काही वर्षं गेली. मी चव कधी घेतली नाही. काकांचं सांगणं हल्ली आणखी गोड झालंय असं कुणी म्हटलं की भावजींचा चेहरा पडायचा. दुसऱ्याच्या नाकावर शाबासकी घेतोय, म्हणायचे. घरातलंच नाक, दुसऱ्याचं कसलं? पण त्यांना ते टोचत राहिलं. गेल्या दिवाळीत एका बाईंचा फोन आला. त्यांचे वडील बोटीवर नोकरीला होते, हल्ली कुणाशी बोलतच नव्हते. भावजींनी सांगितलेली ती 'माहेर'वाली वडिलांनी नुसती हुंगली आणि बंदरांची नावं घेत सुटले. बाई रडत होत्या. भावजींनी सगळं ऐकलं.

"बाई, मला वासच येत नाय. हे नाक आमच्या वयनीचं हाय. तिलाच सांगा," म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला. मी त्यांना जेवलात का म्हणून विचारलं.

मग भावजींनी पुण्याच्या दुकानदारालाही खरं सांगून टाकलं. दोन दिवस फोन वाजला नाही. संपलं सगळं, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. तिसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, "काका, वहिनी आहेत ना घरी? तीन पाठवतोय."

त्यांना जाऊन आता दीड महिना झाला. परवा एक बाटली आली. मी ग्लासात बोटभर ओतली, झाकलं, भाताला उकळी आल्यावर वास घेतला. ओलं गवत, पिकलं केळं, मागून किंचित धूर... एवढं मला कळतं. ती कुठली, कुणाला द्यावी, ते सांगणारा नाही. जसं आलं तसं दुकानदाराला सांगितलं. तो नाव सांगायला लागला, म्हटलं, राहू दे.

ग्लास अजून धुतला नाही. पडवीत त्यांच्या जागेशी झाकून ठेवलाय. रोज भाताला उकळी आली की मी जाते, झाकणाला हात लावते आणि 'सांग वयनी' ऐकू येईपर्यंत जरा थांबते.