अंगावरचं पांढरं

लग्नाला दोन वर्षं होऊन गेली तरी मला दिवस जाईनात, तेव्हा माझी पाळी ही घरातल्या सगळ्यांची गोष्ट झाली. आम्ही नवरा-बायको चिकलठाण्याला फ्लॅटमध्ये राहायचो. तो तिथल्याच एका कंपनीत, मी औरंगपुऱ्यात कपड्याच्या दुकानात. सासू-सासरे चितेगावला, शेळ्या-मेंढ्यांवर आयुष्य काढलेले. सासूबाईंचा फोन आला की नवरा तो स्पीकरवर टाकून जेवत राहायचा.

"न्हाली का ती?" एवढंच त्या विचारायच्या. म्हणजे पाळी संपून मी डोक्यावरून पाणी घेतलं का. हो म्हटलं, की पुढचं बोलणं मुलाशी. या आठवड्यात रात्रपाळी घेऊ नको, असं बजावायच्या. एकदा म्हणाल्या, "शेळी माजावर आल्यावर बोकड लांब बांधून कसं चालंल?"

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मी हातातला घास परत ताटात ठेवला. नवरा हसला आणि त्यानं वरण वाढून घेतलं.

मग ते ठरलेले दिवस. तो थकून यायचा, अंगाला मशीनच्या तेलाचा वास. मी दिवसभर गिऱ्हाइकांपुढं उभी राहून आलेली. इच्छा दोघांनाही नसायची, पण चितेगावहून सांगणं आलेलं असायचं. नंतर पाय भिंतीला लावून पडून राहायचं, हेही तिकडूनच आलेलं. मी छताकडं बघत असायची आणि मला माझ्याच अंगाची शिसारी यायची. गोठ्यातलं जनावर निदान दुसऱ्याच्या सांगण्यावरून माजावर येत नाही.

माझी आणखी एक लाज होती. दोन पाळ्यांच्या मध्ये कधीतरी अंगावरून पांढरं जायचं. बुळबुळीत, तार धरणारं. आईनं लहानपणीच सांगितलं होतं, यानं हाडं झिजतात, बाई खंगते. त्यामुळं मी ते कपडे वेगळे धुवायची आणि टॉवेलखाली वाळत घालायची.

सासूबाई एकदा राहायला आल्या. सकाळी चहा घेऊन मी गॅलरीत गेले, तर त्यांनी टॉवेल उचलला होता. माझी चड्डी उलटी करून त्यांनी नाकाशी धरली होती. मी आलेली दिसली तरी त्यांनी ती खाली ठेवली नाही.

"पांढरं जातंय तुला," त्या म्हणाल्या. "मग कसं राहील पोटात?"

त्याच आठवड्यात बाजारातल्या कुणा जडीबुटीवाल्याकडून त्यांनी पुडी आणली. दुधात कालवली की तिला बोकडाच्या अंगासारखा उग्र दर्प सुटायचा. तिसऱ्या दिवशी मी सिंकमध्ये ओकले. भांडी धुतली, तोंड धुतलं आणि दुकानात जायच्या आधी एकटीच दवाखान्यात गेले.

दवाखाना दुकानाच्याच गल्लीत होता. डॉक्टरीणबाईंनी पाळी किती अंतरानं येते विचारलं. कधी पाच आठवडे, कधी सहा, असं मी सांगितलं. पांढऱ्यावर औषध द्या, हे मी मान खाली घालूनच बोलले. खाज आहे का, घाण वास, जळजळ, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं.

"मग तो आजार नाही," त्या म्हणाल्या. "कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखं दिसतं ना? ती खूण आहे. बीज सुटायच्या सुमाराला अंग तसं होतं."

मग त्यांनी नीट समजावलं. बीज सुटतं ते साधारण पुढची पाळी यायच्या दोन आठवडे आधी. ज्यांची पाळी लांबते त्यांचं उशिरा सुटतं. सुटल्यावर ते जेमतेम एक दिवस टिकतं, पुरुषाचं बीज मात्र आत काही दिवस तग धरतं. म्हणून ओलावा दिसू लागला की तेच दिवस धरायचे. न्हाल्यावर लगेचचे दिवस तुमच्या बाबतीत बहुतेक वायाच गेले, असं त्या सहज बोलून गेल्या. पायऱ्या उतरताना मी त्या रात्री मोजत होते. एवढ्या सगळ्या ओंगळ रात्री, आणि त्याही चुकीच्या.

घरी नवऱ्याला सांगायला लागले, तर त्यानं तोंड वाकडं केलं. "जेवताना असलं सांगू नको."

"बोकडाचं चालतं जेवताना?" मी विचारलं.

तो ताट घेऊन उठला. डॉक्टरीणबाईंनी त्याचीही तपासणी करायला सांगितली होती. चार वेळा टाळून शेवटी तो गेला. त्यात काही दोष निघाला नाही. सासूबाईंना फोन मीच लावला आणि डॉक्टरीणबाईंना दाखवून आलेय, इथून पुढं न्हाल्याचं कुणी विचारायचं नाही, असं सांगितलं. त्यांनी फोन ठेवला. दिवाळीपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

लगेच काही झालं नाही. काही महिने गेले, मग राहिलं. सातव्या महिन्यात सासूबाई मदतीला आल्या. एका दुपारी मेथी निवडता निवडता त्यांनी, माझ्याकडं न बघता, डॉक्टरीण तेव्हा काय म्हणाली ते विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांचे हात चालूच होते.

"मला बी जायचं तसंच," त्या म्हणाल्या. "माह्या सासूनं निखाऱ्यावर उकिडवं बसवून खालून धुरी घ्यायला लावली व्हती. लई वर्सं. कातडं भाजायचं."

कुणाला विचारलं नाही का, असं मी म्हटलं.

"कुणाला इचारावं? आन् कोन्त्या तोंडानं?"

त्यांनी मेथीच्या काड्या गोळा केल्या. मला त्यांची दया आली, नाही असं नाही. पण त्याआधी किळस आली. त्या धुरीची, ती देणाऱ्या हातांची, आणि आम्हा बायकांनीच एकमेकींच्या अंगाशी इतकी वर्षं जे चालवलं, त्याची.