डब्यातला कागद

बिनतुपाची बिस्किटं असं कुणी नुसतं म्हटलं तरी माझं डोकं तापतं. आधी हा राग डॉक्टरवर होता, मग बायकोवर, मग भट्टीवाल्या उस्तादवर. फिरत फिरत तो शेवटी जिथं यायला हवा होता तिथं आला, आणि आता तिथून हलत नाही.

शहागंजातल्या डॉक्टरनं माझा रक्ततपासणीचा कागद वाचला आणि तूप, लोणी, तळण, सगळं एका दमात बंद केलं. तेही हसत हसत. टेबलावरचा पेपरवेट उचलून मारावासा वाटला मला. बायको वैजापूरची, तिला एखादी गोष्ट एकदा सांगितली की झालीच. त्याच संध्याकाळी आमची तुपाची बरणी तिच्या भावाकडं गेली. चहाबरोबर मला काहीतरी कुरकुरीत लागतं, एवढी मात्र तिला दया आली. गहू-ज्वारीच्या पिठात ताक, गूळ, सुंठ, मिरे, ओवा आणि चमचाभर तेल घालून तिनं बिस्किटं थापली आणि कुकरमध्ये वाळू तापवून भाजली. मसाला झकास होता, पण ती चावायला दात भाड्यानं आणावे लागले असते. मी एक फरशीवर टाकून पाहिलं. बिस्कीट शाबूत राहिलं आणि बायको बिथरली.

तिनं आठवडाभर पिठाशी झगडा केला. त्याला दुसरंही कारण होतं. आमच्या भिंतीला भिंत लावून एक मास्टरसाब राहायचे, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. त्यांच्या पित्ताशयात खडे निघाले होते आणि ऑपरेशन होईपर्यंत स्निग्ध पदार्थाचं नाव काढायचं नाही, असं त्यांना बजावलेलं. त्यांच्या बायकोला आम्ही आपा म्हणायचो. आपांनी माझ्या बायकोजवळ बोलून दाखवलं होतं की साहेब चहाच्या कपाकडं असे बघतात की कीव येते. बायकोनं शब्द दिला, "मी देते करून. तुपाचा थेंब नसेल, बिनघोर खाऊ द्या."

कुकरची आच पुरत नाही, असं ठरवून तिनं पीठ मळून पातेलं माझ्या हातात दिलं आणि मला बेकरीवर धाडलं. आमच्याकडं ही जुनी चाल. सणावाराला मैदा, साखर, तूप आपलं न्यायचं, उस्तादनं भट्टीत नानकटाई भाजून द्यायची, आणि आपण तिथंच बाकड्यावर बसून तुपावर नजर ठेवायची. माझ्या आईनं मला शाळेत घालायच्या आधी हे शिकवलं असेल. जन्मभर मी तूप कमी होऊ नये म्हणून त्या बाकड्यावर पहारा दिला.

उस्तादनं पातेल्यात बोट खुपसलं आणि माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी पत्रे सांधायचं सिमेंट आणलंय. "ये मेरी भट्टी में नहीं जाएगा," म्हणाला. मला राग आला, बायकोच्या पिठाचा अपमान झाला म्हणून. आणि त्या रागाच्या भरात मी काय केलं, तर समोरच्या दुकानातून पाव किलो वनस्पती तुपाची पिशवी आणून त्याच्यापुढं आपटली. उस्तादनं ती सगळी त्या पिठात जिरवली. मी पहारा देत होतोच.

बिस्किटं अशी उतरली की जिभेवर ठेवताच विरघळावीत. बायकोनं एक चाखलं आणि तिचा चेहरा उजळला. वास जरा तुपकट येतोय, म्हणाली. भट्टीत सगळ्यालाच तो वास लागतो, मी म्हणालो. ती लगेच स्टीलच्या डब्यात वर्तमानपत्राचा कागद घालून मास्टरसाबांसाठी बिस्किटं रचायला लागली. मी तोंडात तिसरं बिस्कीट धरून बघत होतो. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. पण तोंड भरलेलं होतं, असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगायचो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्टरसाब पोट धरून लोळायला लागले. दवाखान्यात नेलं, ऑपरेशन घाईनं करावं लागलं. बायको भेटायला गेली तर आपा तिच्याशी धड बोलल्या नाहीत. ती गोंधळून परत आली. मिरे जास्त झाले असतील का, असं विचारत राहिली. असतील, मी म्हणालो. एवढा नालायकपणा मला कुठून सुचला, माहीत नाही.

पंधरा दिवसांनी आपांच्या घरून डबा आला. आमच्या दोन घरांत वीस वर्षं डबे फिरत होते आणि एकही कधी रिकामा परत गेला नव्हता. काही नसलं तर मूठभर साखर तरी असायची. हा घासूनपुसून रिकामा होता. आत फक्त तो वर्तमानपत्राचा कागद, घडी घालून ठेवलेला.

बायकोनं तो उलगडून खिडकीशी धरला. तेलकट डागांतून पलीकडची तिची बोटं दिसत होती.

"ह्यात तूप कुठून आलं?"

मी उस्तादच्या भट्टीतल्या तुपकट तव्यांवर ढकललं. तिनं चपला घातल्या, निघाली उस्तादला विचारायला. तेव्हा कुठं माझ्या तोंडातून खरं बाहेर पडलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उंबऱ्यात उभी राहून एवढंच म्हणाली, "माझ्या तोंडानं तुम्ही खोटं बोललात."

त्याच दिवशी तिनं पुन्हा पीठ मळलं. मी पुन्हा भट्टीवर गेलो, उस्तादच्या हातापाया पडून ते सिमेंट जसंच्या तसं भाजून घेतलं आणि डबा घेऊन एकटाच आपांच्या दारात उभा राहिलो. मास्टरसाब खाटेवर होते. मी सगळं सांगितलं. ते ओशाळून हसले. पहिला तुकडा मोडला तेव्हाच कळलं होतं, म्हणाले, पण सोडवेना, नऊ खाल्ली. आम्ही दोघं म्हातारे चोर एकमेकांकडं बघून जरा हलके झालो.

आपांनी एक बिस्कीट काढून कोऱ्या कागदावर चोळलं. डाग पडला नाही. मग माझ्याकडं पाहिलं.

"भाईसाब, पंद्रा दिन मैं तुम्हारी घरवाली पे शक करी. ये गुनाह मेरे सर पे कौन डाला?"

मास्टरसाबांचं हसू तिथंच विरलं. रागाला राग दाखवायची मला सवय, पण त्या रागापुढं माझा राग खेळण्यातला निघाला.

आठवड्यानं आपा स्वतः डबा घेऊन आल्या. दौलताबादची सीताफळं होती त्यात. दार मीच उघडलं आणि हात पुढं केला. त्या माझ्या बाजूनं आत गेल्या आणि डबा बायकोच्या हातात दिला. दोघी स्वयंपाकघरात बराच वेळ बोलत होत्या.

डबा अजूनही दोन घरांत फिरतो. बिस्किटं अजूनही दगडासारखीच होतात, आणि बायको झाकण लावण्याआधी एक बिस्कीट माझ्यासमोर कागदावर चोळून बघते. मग डबा स्वतःच घेऊन जाते. मी म्हणतो, दे, मी नेऊन देतो. ती ऐकलं न ऐकलं करते.