दुसरं विजेतेपद

आमचा गोल झाला की मास्तर नाराज व्हायचे. अख्खा बाक उठून नाचतोय, पाण्याच्या बाटल्या उडताहेत, आणि हे हाताची घडी घालून म्हणणार, "बरा होता. कुरियननं ह्याच्यापेक्षा लांबनं घातलेला. वाळूवर." कुरियन कोण, असं विचारायची सोय नव्हती. विचारलं की पुढचा गोल होईपर्यंत कुरियन ऐकावा लागे. मी राखीव गोलकीपर, सबंध हंगाम त्यांच्या शेजारी बसून काढला, त्यामुळे कुरियन माझ्याच वाट्याला आला.

मास्तर म्हणजे आमचे कोच, मूळचे कोल्हापूरचे. तिथे पेठेपेठेत फुटबॉल चालतो आणि कुणाच्या आजोबांनी कुठल्या फायनलला पेनल्टी चुकवली यावरून आजही चहाच्या गाड्यावर गळपट्टी धरली जाते. तीच रीत त्यांनी दुबईतल्या आमच्या कॉलेजात आणली. हंगामाच्या सुरुवातीला जर्सी वाटताना ते पोराला विचारायचे, "तीन नंबर तेरे से पहले किसका?" खार्टूमचा उस्मान, आमचा कॅप्टन, छाती काढून म्हणायचा, "फैजल, देन मी." नाव चुकलं की जर्सी परत पिशवीत. मल्याळी, पाकिस्तानी, फिलिपिनो, सगळ्यांना ही नावं तोंडपाठ होती. पण ती माणसं कोण होती, हे कुणालाच जाणून घ्यायचं नव्हतं. माझी चिडचिड तिथूनच सुरू झाली.

ती माणसं, कुरियन धरून, म्हणजे आमच्या आधीचा संघ. तेव्हा कॉलेज अल बर्शातल्या दोन व्हिलांमध्ये भरायचं आणि मैदान म्हणून शेजारचा मोकळा प्लॉट होता. अंधार पडला की दोन गाड्या समोरासमोर लावून हेडलाइटच्या उजेडात सराव चाले. त्या पोरांनी हीच लीग जिंकली होती. पुढे शिक्षण संपलं, व्हिसे संपले, जो तो आपापल्या देशी गेला. कॉलेज विकलं गेलं, नव्या मालकांनी नाव बदललं, दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात नवी इमारत आणि हिरवंगार मैदान आलं. जुन्यांपैकी उरले एकटे मास्तर.

आणि मग आम्ही एकही सामना न हरता लीग जिंकलो. दुसऱ्या दिवशी फाटकावर भलामोठा बॅनर लागला : "कॉलेजच्या इतिहासातलं पहिलं विजेतेपद". मास्तर मला घेऊन थेट मार्केटिंगच्या ऑफिसात. मॅनेजर मोठा गोड माणूस. खुर्ची दिली, चहा मागवला.

"मास्टरजी, वो कॉलेज अलग था. नया नाम, नया लायसन्स. लीगली फर्स्ट ही है."

"लीगली?" मास्तर माझ्याकडे वळले. "कोच कोण होता, विचार ह्याला. मीच होतो की!"

"हबीबी, फर्स्ट सुनने में कितना अच्छा लगता है," मॅनेजर हसला. चहा येण्याआधीच आम्ही बाहेर पडलो.

मी पेटलो होतो. लायसन्स नवं म्हणून माणसं रद्द? घरी जाऊन दोन पानी पत्रक लिहिलं. आमच्या घरात रागाला आधी कागदच आठवतो. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये मास्तरांनी ते उभ्या उभ्या वाचलं.

"झ्याक लिवलंयस. फाड."

"का?"

"तुझा बाप हितं नोकरी करतोय, आणि तुझा व्हिसा त्याच्यावर हाय. माझं मी बोलतो." मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "आणि हे काय? 'त्या संघाची सर आम्हाला नाही'? खोटं हाय, लेका. ती पोरं बैलगाडीसारखी पळायची. तुम्ही चांगले हाईसा त्यांच्यापेक्षा. पर पहिले न्हवं."

माझं हेच डोकं फिरायचं. ज्यांच्यासाठी भांडायचं त्यांचीही हा माणूस खोटी स्तुती करू देईना. सगळं आयुष्य असल्या एका शब्दासाठी पणाला लावायचं, आणि तोही मोजूनमापून!

सत्काराच्या दिवशी त्यांच्या हाती माइक आला. ते म्हणाले, "ये सेकंड है. फर्स्ट कुरियन का टीम. कुरियन, फैजल, जोसेफ..." चौथं नाव तोंडातून निघालं तोवर माइक बंद आणि गाणं सुरू. मास्तर ओठ हलवत सगळी नावं पूर्ण करून खाली उतरले. पोरांना वाटलं भाषण संपलं, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उस्मानला गदागदा हलवलं. "अरे, काहीतरी बोल! तू कॅप्टन आहेस." तो कप कुरवाळत म्हणाला, "खलास, ब्रो. कप तो मिल गया ना?"

महिनाअखेर मास्तरांचा करार संपला. नवा झाला नाही. कारण कुणी दिलं नाही आणि मागायची जागाही नव्हती. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की माणूस जातो, आणि त्याला जे आठवत होतं तेही विमानात बसतं. हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच हिशेबावर फाटकावर बॅनर लागतात.

विमानतळावर सोडायला मी एकटाच. न राहवून म्हणालो, "मास्तर, त्या दिवशी गप्प बसला असता तर नोकरी राहिली असती."

"राहिली असती की. मग पुढच्या वर्षी जर्सी देताना पोरांना कुठल्या तोंडानं विचारलं असतं?" बॅग रेटत ते पुढे म्हणाले, "आता कोल्हापुरात मी दुबईत काय जिंकलं ते कोण विचारतंय? चल, जा. सरावाला उशीर करू नकोस."

या हंगामाचा पहिला सराव परवा झाला. नवा कोच तरुण आहे, भला आहे, हातात टॅब्लेट असतो. सूर्य बुडून मगरिबची अजान झाल्यावर, उकाडा उतरल्यावर त्यानं सगळ्यांना गोलात उभं केलं आणि मूठ उंचावून ओरडला, "यल्ला बॉइज, धिस इयर, सेकंड टायटल!"

"थर्ड," मी म्हणालो.

त्याला वाटलं मी गंमत करतोय. काही पोरं हसली. उस्माननं बुटाच्या नाडीकडे बघितलं. कोचनं शिट्टी तोंडात धरली आणि वाजवायच्या आधी सवयीनं विचारलं, "एनी क्वेश्चन्स?"

"नो क्वेश्चन, कोच," मी म्हणालो. "थर्ड."