वीसपैकी बारा जागा

सांख्यिकीत एम.एस्सी. झाल्यावर मला मिळालेली पहिली नोकरी मनोरंजन उद्यानांच्या तिकिटांचे दर ठरवणाऱ्या कंपनीतली होती. दौंड तालुक्यात महामार्गालगत एक उद्यान उभे राहिले, तेव्हा तिथल्या एक्सप्रेस पासचे गणित माझ्याकडे आले. पास म्हणजे वेगळे फाटक. जादा पैसे भरणारा रांग टाळून थेट आत जातो. रोलर कोस्टरच्या एका फेरीत वीस जागा होत्या. त्यांतल्या दहा पासवाल्यांना द्याव्यात, असे वरिष्ठांचे म्हणणे होते. मी बारा सुचवल्या. साधी रांग जितकी सावकाश सरकते, तितके पास अधिक विकले जातात, आणि रांग लांबली की पासचा दरही आपोआप चढतो. सूचना मान्य झाली. पुढे मला बढती मिळाली.

त्याच रोलर कोस्टरच्या आसनांचे सांगाडे रांजणगावच्या एका फॅब्रिकेशन शेडमध्ये तयार झाले होते, आणि त्यांचे वेल्डिंग माझ्या वडिलांनी केले होते. त्या महिन्यांत आप्पा निमोण्याला घरी येत ते लाल डोळ्यांनी. "माणसं बसणार हायेत ह्याच्यात. सांधा कच्चा राहून चालायचं न्हाई," एवढेच म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. त्यापूर्वी काही मागितल्याचे मला आठवत नाही.

"एकदा बसून बघायचंय."

एका रविवारी आई, आप्पा आणि मी न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे निघालो. कंपनीच्या ओळखपत्रावर प्रवेश फुकट होता, पास नव्हता. रोलर कोस्टरपाशी फलकावर थांबण्याचा वेळ साठ मिनिटे लिहिला होता. पास घेण्याची गरज नाही, असे मी सांगितले. ते साठ मिनिटांचे भाकीत माझ्याच सूत्रावर चालत होते, आणि ते खरे ठरते का हे मला पाहायचे होते. मनगटावरचे पट्टे स्कॅन करून आम्ही रांगेत शिरलो तेव्हा साडेतीन वाजले होते.

थोड्या वेळाने आईने आपली पिशवी रांगेत ठेवली आणि ती सावलीला जाऊन बसली. त्यात तिला काही वावगे वाटले नाही. निमोण्यात टँकर यायचा असतो तेव्हा रांगेत घागरी उभ्या असतात, बायका नव्हे. आणि घागरीचा नंबर कोणी मोडत नाही.

सुरक्षारक्षक आला. "ये बैग किसका है? जगह पकड़ना मना है."

आमच्या पुढे दौंडची एक बाई दहा-बारा वर्षांच्या मुलीला घेऊन उभी होती. ती म्हणाली, "अहो दादा, ही पिशवी न्हाई, ह्या आमच्या मावशी हायेत. जरा दम खायला बसल्यात."

आसपासचे हसले. रक्षक हसला नाही. "खड़ा रहना पड़ेगा. नहीं तो पीछे से आओ."

आई उठून आली. शेजारच्या फाटकातून पासवाल्यांचा एक घोळका चालत आत गेला.

"आन् ते?" तिने विचारले.

"त्यांनी पैसे भरलेत."

"मंग मी पिशवी ठिवली तर काय चोरी केली व्हय?"

"नियम आहे, आई," मी म्हणाले. जागा धरून ठेवणाऱ्यांमुळे पासची विक्री घटते, असे टिपण मीच लिहिले होते.

तासाभरानंतरही फलकावर साठच मिनिटे होती. मी मोजू लागले. प्रत्येक फेरीत आमच्या बाजूने आठ जण आत जात होते. आप्पांना उभे राहण्याचे काही वाटत नव्हते. ते दौंडच्या बाईच्या मुलीला आसनाच्या पट्टीचा सांधा कुठे असतो ते हवेत बोटाने काढून दाखवत होते. "आप्पा, तुटणार न्हाई ना?" ती पुन्हा पुन्हा विचारी. "म्या केलाय," ते म्हणत.

सव्वापाचला मी पुढची माणसे मोजली आणि त्यांना आठाने भागले. सहा वाजता साधी रांग साखळी लावून बंद होणार होती; त्यानंतर फक्त पासवाल्यांना घेतले जाणार होते. आमचा क्रम येत नव्हता. मी फोन उघडला. पासचा दर दिवसभरातला सर्वांत वरचा होता. मी आप्पांसाठी एक पास घेतला.

"आता निघायचं? इतकं उभं राहून?" आप्पा म्हणाले.

"नाहीतर बसायला मिळणार नाही."

त्यांनी मुलीकडे पाहिले, मग टोपी नीट केली आणि रांगेतून बाहेर पडले. वेगळ्या फाटकाची वाट आमच्या रांगेला लागूनच होती. ते जवळून जाऊ लागले तशी दौंडची बाई मोठ्याने म्हणाली, "चालले का आप्पा? वर गेल्यावर आमचा नंबर धरा!"

पुन्हा सगळे हसले. आप्पा मान खाली घालून पुढे गेले. आई आणि मी रांगेतच राहिलो.

साखळी लागली तेव्हा त्या मायलेकींच्या पुढे नऊ माणसे होती. बाई रक्षकाशी भांडली नाही. पायाशी ठेवलेली आईची पिशवी तिने उचलून आईच्या हातात दिली. "घ्या मावशी, तुमचा नंबर," ती म्हणाली आणि मुलीला घेऊन निघून गेली.

आप्पा केव्हाच खाली येऊन बाहेरच्या फाटकापाशी थांबले होते. मी विचारले, "कसं वाटलं?"

"सांधा दिसत न्हाई. वरनं प्लास्टिक बसवलंय."

परतताना चौफुल्याला चहासाठी थांबलो. बशीत ओतलेला चहा तसाच ठेवून त्यांनी विचारले, "ती पोरगी बसली का?"

"नाही."

त्यांनी बशी बाजूला सारली आणि ते उठले.

सोमवारी आठवड्याचा अहवाल माझ्या टेबलावर होता. त्यात एक गट असतो: साध्या रांगेत नव्वद मिनिटांहून अधिक थांबून मग पास घेणारे. हे लोक दराकडे पाहत नाहीत, कारण तोवर घालवलेला वेळ त्यांना सोडवत नाही. तक्त्यात नावे नसतात, केवळ वेळा आणि दर. रांगेत प्रवेश तीन तीस, खरेदी पाच सतरा, एक पास. ती ओळ मला लगेच ओळखू आली. दिवसभरातला सर्वांत चढा दर तिच्यापुढे होता.

बैठकीत मी तो तक्ता पडद्यावर दाखवला. वरिष्ठांनी नेमक्या त्याच गटावर बोट ठेवले. "हा गट चांगला आहे. आणखी वाढवता येईल?"

उत्तर मला ठाऊक होते आणि ते बरोबर होते.

"तेरा जागा केल्या तर वाढेल," मी म्हणाले.