भरमूअण्णा आणि रामेनचा रस्सा

भरमूअण्णा बोलायला लागला की आमच्या गल्लीतली झोपलेली कुत्री उठून बसतात. चाळीस वर्षं तो वडगावात यंत्रमागावर साड्या विणतोय. मागांच्या खडखडाटात ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नाही. त्यामुळे त्याच्याकडे एकच आवाज आहे, मोठा. मी त्याचा भिंतीपलीकडचा शेजारी, निवृत्त मास्तर. त्यांच्याकडे आज भाजी काय केलीय हे मला कधी विचारावं लागलं नाही.

हा आवाज खानावळीत मात्र शोभायचा. आमच्याकडे ताटाबरोबरचा रस्सा पाहिजे तेवढा वाढतात, फक्त हाक मारायची. भरमूअण्णानं "रस्साऽऽ" म्हटलं की वाढपी भांडं घेऊन पळत यायचा. मालुवहिनी पदर तोंडाला लावून हसायच्या. "अहो, हळू. पार संकेश्वरापर्यंत गेलं." आणि मग हळूच आपली वाटीही पुढं करायच्या. स्वतः त्यांनी कधी काही मागितलं नाही. मागायचं काम नवऱ्याचं, असं त्या घरात ठरूनच गेलं होतं.

गेल्या वर्षी मालुवहिनींना कॅन्सर निघाला. केमो सुरू झाली तशी त्यांची चव गेली आणि तोंड आलं. भाताची पेज, मुगाचं कढण, काही गळ्याखाली उतरेना. त्यांची एकुलती एक मुलगी रक्षा बेंगळूरला नोकरीला. प्रत्येक केमोला रजा काढून यायची. तिसरी केमो झाली त्या दिवशी ती दोघांना दवाखान्यातून थेट टिळकवाडीतल्या एका नव्या हॉटेलात घेऊन गेली. तिथं रामेन मिळतं. रामेन म्हणजे जपानी पदार्थ, वाडगाभर रश्शात लांबलचक शेवया आणि वर अर्धं अंडं. रक्षा बेंगळूरला आजारी पडली की हेच खायची. आईला उतरेल असं तिला वाटलं.

रिक्षातून उतरताना ती म्हणाली, "आप्पा, तिथं जरा हळू बोला हं. लोक बघतात."

पोरीचं काही चुकलं नाही. त्या हॉटेलाला काचेचं दार, आत बारीक गाणी, माणसं कुजबुजल्यासारखी बोलणारी. पण भरमूअण्णाला हळू बोलायचं कसं हेच माहीत नव्हतं. म्हणून त्यानं बोलणंच बंद केलं.

रक्षानं आईबापांसाठी बिनतिखटाचं रामेन सांगितलं, स्वतःला नुसता चहा. तेवढ्यात तिच्या ऑफिसचा फोन आला आणि ती बाहेर गेली. मागावरचा माणूस भराभरा जेवतो, त्यामुळे अण्णाचं वाडगं पाच मिनिटांत रिकामं झालं. मालुवहिनींनी भीत भीत एक चमचा रस्सा घेतला. मग दुसरा घेतला. मग चमचा बाजूला ठेवून दोन्ही हातांनी वाडगं तोंडाला लावलं.

"उतरतंय की हो," त्या म्हणाल्या.

तळापर्यंत प्यायल्या. वाडग्याच्या कडेवरून बोट फिरवून तेही चाटलं. मग त्यांनी रिकाम्या वाडग्याकडं बघितलं आणि नवऱ्याकडं बघितलं.

"मला कळलं, मास्तर," अण्णा मला नंतर म्हणाला. "छत्तीस वर्सं संसार केलाय. तिला आनखी पायजे व्हता. ती वाढणारी बाई समोरच उभी व्हती. पर मी त्वांड उघडलं असतं तर सगळं हॉटेल वळून बघाय लागलं असतं. पोरीला खाली बघाय लागलं असतं."

रक्षा परत आली ती घाईतच. अण्णाला वाटलं, पुढच्या खेपेला हळू कसं बोलायचं ते शिकून येऊ. मालुवहिनी म्हणाल्या, पोट भरलं.

पोरीशिवाय त्या काचेच्या दारातून आत जायचा त्याला धीर नव्हता, म्हणून दुसऱ्या दिवसापासून भरमूअण्णानं घरी रामेन करायचं मनावर घेतलं. आयुष्यात त्यानं चहासुद्धा केला नव्हता. रक्षा बेंगळूरहून व्हिडिओ पाठवायची आणि तो माझ्या ओसरीवर बसून तो पुन्हा पुन्हा लावायचा. कोंबडीची हाडं सकाळी चुलीवर चढवायची ती दुपारी उतरवायची. शेवयांच्या कणकेत चिमूटभर पापडखार घालायचा, म्हणजे त्या रश्शात फुटत नाहीत. शेवया वळायला मात्र तो वस्ताद निघाला. सुताच्या धाग्यात आयुष्य गेलेलं, एक शेवई तुटू दिली नाही त्यानं.

रस्सा चाखायला त्यानं मला बोलावलं. आणि मी शहाणा. चमचाभर तोंडात टाकून म्हणालो, "भरमू, आळणी आहे रे. थोडी चटणी टाक." आमच्या भागात लाल चटणीवाचून रस्सा म्हणजे काय, हे डोक्यातून जातच नाही. त्यानं चिमूटभर टाकली. मालुवहिनींच्या तोंडात जखमा होत्या. पहिल्या घोटाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तरी त्यांनी तो घोट गिळला आणि म्हणाल्या, "बरा झालाय." मी तिथंच उभा होतो. माझ्या जिभेची मला तेव्हा जी चीड आली ती अजून गेलेली नाही.

पुढं त्यानं बिनचटणीचा केला. एकदा, दोनदा, सातदा. वहिनी दोन चमचे घेऊन थांबायच्या. शेवटी एकदा त्या बोलल्या, "तुमचा बी चांगलाच हाय. पर ती चव न्हाय हो. सहावं इंजेक्शन झालं की जाऊया परत तिथं. मी दोन वाडगी पिणार."

पाचवं झालं. सहाव्याच्या आठ दिवस आधी वहिनी गेल्या.

तेरावा उरकून रक्षा बेंगळूरला गेली. त्याच आठवड्यात अण्णा माझ्या दारात आला. "मास्तर, टिळकवाडीला येतासा?" मी चपला घातल्या. तिथं तो त्याच टेबलाशी, त्याच खुर्चीवर बसला आणि बोटानं खूण करून एक रामेन मागवलं. वाढणारी बाई चाळिशीची, यल्लव्वा नावाची, कन्नड वळणाचं मराठी बोलणारी. तिनं अण्णाला ओळखलं.

"आक्का आल्या न्हाईत?"

अण्णानं नुसती मान हलवली. ती समजली. रामेन आणून ठेवलं, ते अण्णानं भराभरा संपवलं. जराशानं ती भांडं घेऊन आली आणि न विचारता त्याच्या वाडग्यात रस्सा ओतायला लागली.

"पुन्हा देता?" मी विचारलं.

"व्हय की. रस्सा पायजे तेवढा देतो आम्ही." मग ती अण्णाकडं वळली. "त्या दिवशी आक्का वाडगं चाटत व्हत्या, मी बघितलं. भांडं घेऊन येणारच व्हते. तुम्ही गप बसलासा, मला वाटलं दवाखान्याचं काय पथ्य असंल. मागायचं व्हतं की, अण्णा."

भरमूअण्णानं दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. समोरचं वाडगं काठोकाठ भरलं होतं. त्यातला एक थेंबही तो प्यायला नाही. मी त्याला रडताना कधी बघितलं नव्हतं, मयताच्या दिवशीसुद्धा नाही. तिथं तो रडला, आवाज न करता. मला वाटत होतं, याच्यापेक्षा यानं ओरडावं.

घरी आलो तर रक्षाचा फोन. ती आता रोज संध्याकाळी करते. अण्णाला फोन कानाला लावून ऐकू येत नाही, म्हणून स्पीकरवर ठेवतो. मी शेजारीच होतो.

थोडं इकडचं तिकडचं झालं. मग ती थांबली आणि म्हणाली, "आप्पा, एक विचारू? त्या दिवशी मी फोनवरून आत आले तेव्हा आईचं वाडगं पुसल्यासारखं कोरडं होतं. ते डोळ्यापुढनं जात नाही. तिला अजून पाहिजे होतं का? तिथं परत मिळाला असता का रस्सा? तुम्ही माझ्यामुळं तर गप्प नव्हता ना?"

भरमूअण्णानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं.

"न्हाय गं बाळ," तो म्हणाला. "तिचं पोट भरलं व्हतं. आनि तिथं परत वाढत न्हाईत."

"काय आप्पा? ऐकू नाही आलं. मोठ्यानं बोला की."