इंगाबाईंची नाडी

डोरीन हाफस्टाड शाळेची बस चालवायची आणि गावच्या एकुलत्या एक अँब्युलन्सवर बिनपगारी राबायची. नॉर्थ डकोटातल्या त्या गावात एकोणीस वर्षं अडल्यानडल्याला तिचाच फोन वाजे. दर हिवाळ्यात अँब्युलन्सवर येणाऱ्या नव्या लोकांचा वर्ग तीच घेई: जखमींच्या मनगटाला रंगीत चिठ्ठ्या बांधायच्या, लाल चिठ्ठीवाल्याला आधी न्यायचं, पिवळीवाला थांबू शकतो, ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो, गप्प बसलेल्याकडे आधी वळा.

जत्रेच्या शनिवारी, भर दुपारी ट्रॅक्टरांची स्पर्धा रंगात आली असताना प्रेक्षकांच्या लाकडी पायऱ्या खचल्या. सातजण खाली कोसळले. गाडीत जागा एकाची, इस्पितळ चाळीस मैलांवर, आणि शेजारच्या गावची गाडी यायला तासभर तरी लागणार.

डोरीनची धाकटी बहीण लॅवॉन मोडका हात धरून किंचाळत होती. "ताई, मला टाकून जाऊ नकोस गं!" पलीकडे सत्तरीच्या इंगाबाई ब्रेक्के पोट दाबून बसल्या होत्या. अंग गार, चेहरा पांढराफटक, नाडी भरधाव आणि बारीक. "मला काही नाही झालं," त्या म्हणाल्या, "तिला ने आधी."

डोरीनने लाल चिठ्ठी बहिणीच्या मनगटाला बांधली. इंगाबाईंना पिवळी.

दुसऱ्या गाडीत, वाटेतच इंगाबाई गेल्या. पोटात रक्तस्राव झाला होता. गावाने डोरीनचं कौतुक केलं, पेपरात फोटो आला. तिने तो पेपर उघडलासुद्धा नाही. रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चमधल्या कॉफीला जाणं तिने सोडलं.

महिन्याभराने ती इंगाबाईंच्या नवऱ्याकडे गेली. आर्विड स्वयंपाकघरात मटार सोलत होता. तिने उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

"नाडी माझ्या बोटांना कळली होती, आर्विड. चूक नाही झाली माझी. मी जाणूनबुजून केलं."

त्याने हातातली शेंग सोलून दाणे भांड्यात टाकले. मग म्हणाला, "माझ्यासमोरच बांधलीस तू चिठ्ठी. मला वाटलं, तुला आमच्यापेक्षा जास्त कळतं."

बस म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. शेवटी तीच निघाली.

डोरीनने काम सोडायचं ठरवलं, पण तिच्या जागी यायला कुणी तयार होईना. त्या हिवाळ्यात तिने वर्गात सगळं नावानिशी सांगितलं. लॅवॉनने ईस्टरपर्यंत अबोला धरला. आता जखमींत आपलं माणूस असेल, तर डोरीन चिठ्ठ्या दुसऱ्याच्या हातात देते आणि स्ट्रेचर उचलते. आर्विड रस्त्यात दिसला की हात करतो. तिची मान अजून वर होत नाही.